धर्मांतर, बहिष्कार आणि ‘स्मृतिचित्रे’

‘घटस्फोट’ हा शब्द ऐकला की आज आपल्यासमोर विभक्त झालेले पती-पत्नी येतात. धर्मशास्त्रात मात्र त्याचा संबंध विवाहाशी नव्हता. पतित ठरलेल्या आणि प्रायश्चित्त न घेणाऱ्या माणसासाठी त्याचे आप्त तो जिवंत असतानाच उदकदान करीत. दासीने पाण्याने भरलेला घट पायाने लवंडायचा आणि नातलगांनी सुतक पाळायचे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात हा विधी येतो. त्यानंतर त्या माणसाशी बोलणे, त्याच्याजवळ बसणे, त्याला वारशाचा वाटा देणे आणि इतर लौकिक व्यवहार करणे बंद होई.

या चार गोष्टींपैकी वाटा तेवढा कायद्याच्या हाती होता. १८५०च्या कायद्याने धर्म किंवा जात सोडणाऱ्याचा वारसाहक्क सुरक्षित केला. बोलणे आणि पंक्तीला बसणे मात्र कोणत्याही न्यायालयाला परत मिळवून देता आले नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राकडे आपण या दृष्टीने पाहणार आहोत.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ही निवड त्यांची होती आणि ती दीर्घ विचारांती झाली होती. लक्ष्मीबाईंनी काहीच निवडले नव्हते. तरीही संसार मोडला तो त्यांचा. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी पुढची काही वर्षे नातलगांच्या आधाराने, पतीपासून दूर काढली.

या नातलगांना दुष्ट ठरवणे सोपे आहे, पण ते वाचन उथळ होईल. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचे निमित्त होऊन ग्रामण्य उभे राहिले होते आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले होते. एका पेल्यासाठी एवढे, तर बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाशी संबंध ठेवणाऱ्या सामान्य कुटुंबाचे काय होईल? मुलींची लग्ने अडतील, श्राद्धाला ब्राह्मण मिळणार नाही. बहिष्काराची शक्ती या भीतीत असते. ती बहिष्कृताच्या आप्तांनाच पहारेकरी बनवते.

पुढे लक्ष्मीबाई पतीकडे राहायला गेल्या, पण त्याचा धर्म न स्वीकारता. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे कायम! माझ्या मते हा ग्रंथाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. घर सोडताना त्यांनी समाजाची आज्ञा मोडली आणि चूल वेगळी ठेवून पतीचीही निवड आपली मानली नाही. त्यांच्या मनातून प्रथम जातिभेद गेला. धर्म बदलला तो नंतर, १९०० साली. टिळकांच्या निर्णयाचा दिवस सांगता येतो, तसा लक्ष्मीबाईंच्या निर्णयाचा सांगता येत नाही. तो पाण्याच्या भांड्यापाशी, चुलीपाशी, थोडाथोडा होत गेला.

भाषेच्या अंगानेही हे लक्षात घ्यावे. ग्रंथात तात्त्विक परिभाषेचा सोस नाही. कोणी काय शिजवले, कोण कोठे जेवले, कोणाच्या हातचे पाणी चालले, अशा घरगुती तपशिलांतून बहिष्कार दिसतो. (समीक्षकांनी लक्ष्मीबाईंच्या विनोदाचे कौतुक पुष्कळ केले, त्या विनोदाखालचे एकटेपण मात्र अनेकदा निसटते.)

महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. जातपंचायतीच्या हुकमापर्यंत तो पोहोचतो. घरातल्या माणसांनी स्वतःहून धरलेल्या अबोल्यावर मात्र फिर्याद कशी करणार?

स्वयं-अध्ययनासाठी: ‘स्मृतिचित्रे’तील पाणी, चूल आणि पंगत यांचे उल्लेख क्रमाने टिपून ठेवा. पतीकडे जाण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या उल्लेखांत लक्ष्मीबाईंचा सूर कोठे बदलतो, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.