आधी ऐक, मग अहवाल
नव्याने रुजू झालेल्या मुख्यसेविकेसाठी कानमंत्र

पोरी, तुझी ऑर्डर निघाली, बीट मिळालं, आता वीस-पंचवीस अंगणवाड्यांची महिन्याची मीटिंग तुला घ्यायची आहे. कन्नड असो, सिल्लोड असो की पैठण, मीटिंगचा साचा ठरलेला. सेविका रजिस्टर घेऊन येतात, मॅडम आकडे विचारतात, आकडे मिळतात, चहा होतो आणि सगळ्या एसटी गाठायला निघतात. यात मुलाबद्दल बोलणं राहूनच जातं. ते राहू नये म्हणून नोकरीभर जे पाळत आले, ते तुझ्या कानावर घालते.

आकडे घरून वाचून ये. हजेरी, वजन, उंची, घरपोच आहार हे सगळं 2021 पासून पोषण ट्रॅकरवर आहे. तेच पुन्हा वाचून घेत बसलीस, तर मोबाइलमध्ये नसलेलं ऐकायला वेळ उरणार नाही. कोणत्या गावातल्या कोणत्या मुलाचं वजन दोन महिने हललेलं नाही, ते आदल्या रात्री वहीत टिपून ठेव. मीटिंगमध्ये त्या मुलाचं नाव घेऊन विचार.

‘का नाही झालं?’ असं विचारू नकोस, ‘काय झालं?’ असं विचार. पहिल्या प्रश्नाला सबबी मिळतात, दुसऱ्याला हकिकत मिळते.

विचारून झालं की गप्प बस. मॅडमला चालेल असं उत्तर आधी येतं, खरं नंतर येतं. एखादी म्हणाली, ‘चार मुलं स्थलांतरित’, तर लगेच पुढच्या गावाकडे वळू नकोस. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तेव्हा हा शब्द प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकू येतो. जरा थांबलीस तर कळतं की आईबाप कारखान्यावर गेले, पण धाकटी गावातच आजीजवळ आहे. आजीला नीट दिसत नाही, पोर दिवसभर चहा-बिस्किटावर असते. नोंदीत ती गावात नाही, म्हणून तिचा आहारही थांबलेला. अशा पोरीच्या दंडाला पट्टी लावून बघायला सांग. 11.5 सेंटिमीटरच्या खाली भरलं तर ती तीव्र कुपोषित; आरोग्य केंद्रात न्यायला उद्याची वाट बघायची नाही.

वाईट आकडा ऐकताना कपाळाला आठी पडू देऊ नकोस. हे आपल्याच छत्रपती संभाजीनगरनं, तेव्हाच्या औरंगाबादनं, शिकवलं आहे. 2002 मध्ये व्ही. रमणी विभागीय आयुक्त असताना मराठवाड्यात कुपोषणाविरुद्ध मोहीम उभी राहिली, तिचा भर प्रत्येक मुलाचं वजन करण्यावर आणि खरा आकडा सांगण्यावर होता. त्यातूनच 2005 मध्ये राजमाता जिजाऊ मिशन निघालं आणि त्याचं मुख्यालय इथंच झालं. कुपोषित मुलांचा आकडा वाढला म्हणून बाईला फैलावर घेतलंस, तर पुढच्या महिन्यात आकडा सुधारलेला दिसेल आणि मूल होतं तिथंच राहील. ‘सापडलं ते बरं झालं,’ एवढं म्हण आणि पुढं काय करायचं ते बोला.

सल्ल्याची घाई करू नकोस. तुझ्या बीटात तुझ्या आईच्या वयाच्या सेविका असतील. त्यांना ‘ताई’ म्हण, ‘तुम्ही’ म्हण. वस्तीवरची कोणती सून पहाटे कापूस वेचायला जाते आणि कुणाच्या घरात दारू आहे, ते त्यांना ठाऊक असतं. ‘ताई, तुम्हाला काय वाटतं, काय करावं?’ असं आधी विचार. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी कोसबाडला हेच केलं. थोरली मुलं धाकट्यांना सांभाळतात म्हणून शाळेत येत नाहीत, हे समजून घेतलं आणि तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. कारण कळलं, म्हणून उपाय नेमका झाला.

मदतनीस मीटिंगला आली असेल तर तिला मागच्या भिंतीला टेकून बसू देऊ नकोस. सगळ्यांना गोल बसव. मुलांना घरून आणते ती, खिचडी वाढते ती. कोणतं पोर ताटलीतलं अर्धं टाकतं आणि कोणतं दोनदा मागतं, ते तिलाच माहीत असतं. तिला नाव घेऊन विचार, नाहीतर ती बोलणार नाही.

बाईची चूक चारचौघींत काढू नकोस. कुणी रडवेली झाली, घरचं काही बोलायचं असेल, तर मीटिंग संपल्यावर तिच्याजवळ बस आणि ते तिथंच ठेव. मात्र मुलाला मारहाण होते, त्याच्याशी काही वावगं घडतं, असं कानावर आलं तर ते गुपित ठेवायचं नाही. त्याच दिवशी प्रकल्प अधिकाऱ्यांना सांग आणि 1098 वर कळव.

मानधनाचा विषय निघाला की ‘तो आपला विषय नाही’ म्हणून तोडू नकोस. 2023 च्या डिसेंबरात राज्यभरच्या सेविका-मदतनीस मानधनवाढ, ग्रॅच्युइटी आणि पेन्शनसाठी संपावर गेल्या होत्या. तो प्रश्न तुझ्या हातात नाही, तसं सरळ सांग. पण ऐकून घे. जिचं स्वतःचं दुखणं कुणी ऐकत नाही, तिच्याकडून दुसऱ्याच्या लेकराचं दुखणं ऐकून घ्यायची अपेक्षा कशी ठेवायची?

मोबाइल उलटा ठेव. वरून आलेला मेसेज अर्ध्या तासानं वाचला तरी काही अडत नाही.

आणि वही ठेव. पानावर तीन रकाने आख: मी करणार, ऑफिसला कळवणार, आपल्या हातात नाही. वजनकाटा बिघडला, छत गळतं, आहार उशिरा येतो, जे जे ऐकशील ते तिच्याच शब्दांत त्या त्या रकान्यात लिही आणि उठण्याआधी वाचून दाखव. पुढची मीटिंग त्याच पानानं सुरू कर. काम झालं नसेल तर ‘दोनदा लिहिलं, अजून झालं नाही’ एवढं तरी सांग. जिला उत्तर मिळतं ती पुढच्या वेळी जास्त खरं सांगते, आणि तुझ्या बीटातली लेकरं सुधारायची तर तुला ते खरंच लागणार आहे.