गजाआडच्या बहिणीचा देहावरचा हक्क

10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई प्रांताच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. तो मांडणारे स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम आपल्या नगर जिल्ह्याचे. बाबासाहेबांच्या पक्षाने आणलेला तो ठराव फेटाळला गेला. पण बाळंतपणात बाईच्या जिवाचे काय होते, हा प्रश्न सभागृहात पोहोचला. आज आम्ही तोच प्रश्न तुरुंगातल्या बाईबद्दल विचारतो. कारण अटक झाली की घरचेच म्हणतात, आता तिला कसला हक्क?

हक्क आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2016 साली स्वतःहून दखल घेऊन सांगितले, की गर्भपाताचा कायदा कैदी महिलांनाही लागू आहे. तिला गर्भपात हवा असेल तर विलंब न करता जवळच्या सरकारी रुग्णालयात पाठवायचे. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही.

मात्र मुदत ध्यानात ठेवावी. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत लागते. 20 ते 24 आठवड्यांत दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि तेही बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली अशा ठरावीक महिलांसाठीच.

मूल हवे असेल तर? सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या निकालानुसार बाळंतपण शक्यतो तुरुंगाबाहेरच्या रुग्णालयात व्हावे, जन्मदाखल्यावर तुरुंगाचे नाव येऊ नये आणि मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहू शकते. नोव्हेंबर 2024 मध्ये नागपूर खंडपीठाने एका गरोदर कैदी महिलेला बाळंतपणासाठी सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला.

पण हे सगळे घडायला तिचे म्हणणे बाहेर यावे लागते, आणि ते भेटीतच येते. येरवड्याच्या महिला कारागृहात जायचे तर नगरहून सुमारे 120 किलोमीटर. दिवस जातो, मजुरी बुडते, लोकलाजही आडवी येते. तोवर तिचे आठवडे सरतात.

म्हणून भेटीला जाल तेव्हा फक्त खटल्याचे बोलू नका. पाळी चुकली का, तपासणी झाली का, तुला काय हवे, हे घरातल्या बाईने विचारावे. उत्तर तिचेच असू द्या. तुरुंगातल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो; जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा. जिला भेटायला कोणी जात नाही, तिच्या घरी आपल्या महिला मंडळाने जावे. तिचे आठवडे मोजणारे कोणीतरी बाहेर हवे.