टेल रोटर कुठल्या बाजूला?

ठाणे

चि. ओंकार यास,


मॉडेलच्या किटच्या सगळ्या फ्रेमचे तू पाठवलेले फोटो नीट पाहिले. मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात नरिमन हाऊसच्या गच्चीवर एनएसजीचे कमांडो उतरवणारं हवाई दलाचं हेलिकॉप्टर करायचं तू मनात घेतलंस, याचा मला फार आनंद झाला. तो प्रसंग आमच्या पिढीने टीव्हीसमोर बसून पाहिला. तुझा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, आणि तरी तुला ते यंत्र जसं होतं तसंच करायचं आहे. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहितो.

तुझ्या हातात एमआय-८ टी चं किट आहे आणि तुला एमआय-१७ हवं आहे. कुठे कापायचं, असं तू विचारलंस. ते सांगतोच, पण त्याआधी चार दिवस ब्लेड पेटीत राहू दे. आपण ‘एमआय-१७’ असं मोघम काही करत नसतो. एका ठरावीक दिवशी, ठरावीक जागी उडालेलं एक यंत्र करत असतो. दिवस पक्का झाला की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

तुझा दिवस आहे २८ नोव्हेंबर २००८, सकाळ. त्या दिवशी आपल्या हवाई दलाकडे या कुळातली कुठली यंत्रं होती ते बघ. एमआय-८ १९७२ च्या सुमाराला आलं आणि डिसेंबर २०१७ मध्ये येलहंका तळावरून निवृत्त झालं, म्हणजे तारखेच्या हिशेबाने तेही बाद होत नाही. एमआय-१७ ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून होतं. २००० साली मागवलेलं एमआय-१७-१व्ही होतं. तुला इंटरनेटवर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात स्पष्ट फोटो मिळतील ते मात्र एमआय-१७ व्ही-५ चे, आणि नेमकं तेच यात बसत नाही. त्या ८० हेलिकॉप्टरांचा करार झाला डिसेंबर २००८ मध्ये, म्हणजे हल्ल्यानंतर, आणि ती यायला लागली २०११ पासून. तेव्हा डॉल्फिनसारखं लांबट बंद नाक, मागचा उघडणारा रॅम्प आणि उजव्या बाजूचा जादा दरवाजा, या तिन्ही गोष्टी तुझ्या मॉडेलवर नकोत. काचेचं गोल नाक आणि मागे दोन शिंपल्यांसारखी उघडणारी दारं, हे तुझ्या किटमध्ये आहे तसंच राहू दे. उरलेल्या तिघांतून एक निवडायचं काम त्या दिवसाचे फोटो आणि चित्रण करतील.

त्यासाठी एक खूण सांगतो, ती कायम लक्षात ठेव. पुढचा सरकता दरवाजा आणि शेपटीचा पंखा, म्हणजे टेल रोटर, एकाच बाजूला दिसले तर एमआय-१७. विरुद्ध बाजूंना दिसले तर एमआय-८. दरवाजा दोघांचाही डावीकडेच असतो. एमआय-८ चा टेल रोटर उजवीकडे होता, एमआय-१७ वर तो डावीकडे आणला. या खुणेचा मोठा गुण असा की छापताना किंवा चढवताना फोटो उलटा झालेला असला, तरी ती फसवत नाही, कारण फोटो उलटला की दोन्ही गोष्टी बरोबरच उलटतात. नुसतं ‘पंखा डावीकडे दिसतोय’ एवढ्यावर मात्र कधीही विसंबू नकोस. शेपटीवरचा क्रमांक सरळ वाचता येतो का, हेही बघून घे.

नावांचा गोंधळही इथेच मिटवू. खोक्यावर ‘एमआय-८ एमटी’ लिहिलेलं किट दिसलं तर ते जुनं एमआय-८ समजून बाजूला सारू नकोस. सोव्हिएत सैन्य ज्याला एमआय-८ एमटी म्हणायचं, तेच निर्यातीसाठी एमआय-१७ झालं. १९८१ च्या पॅरिस एअर शोमध्ये जगाने ते या नावाने पाहिलं. झ्वेज्दा कंपनीने १/७२ मापात टी आणि एमटी दोन्ही काढली आहेत. सरळ एमटी घेऊन काम करण्यात काहीही कमीपणा नाही. तरीही तू हातातलंच किट बदलावंस असं मला वाटतं, आणि त्याचं कारण पैशापलीकडचं आहे. हे बदल स्वतःच्या हातांनी केलेस की ते यंत्र मुळात का बदललं ते तुला कळेल.

ते बदललं इंजिनासाठी. एमआय-८ टी ची दोन टीव्ही२-११७ इंजिनं प्रत्येकी १५०० अश्वशक्तीची. उष्ण हवेत आणि उंचावर हवा विरळ होते, इंजिनाचा दम तुटतो, आणि पंख्यालाही पकडायला हवा कमी मिळते. म्हणून त्याच धडावर टीव्ही३-११७ इंजिनं बसवली, प्रत्येकी सुमारे १९०० अश्वशक्तीची. आता जास्त ताकदीने मुख्य रोटर फिरवायचा म्हणजे धड उलट्या दिशेने वळवणारा जोरही वाढणार, आणि त्याला आवरणारा टेल रोटरही जास्त परिणामकारक हवा. तो डावीकडे गेला तो त्यासाठी. म्हणजे छपरावरचा बदल आणि शेपटीवरचा बदल हे एकाच कारणाचे दोन परिणाम आहेत. अर्धवट बदललेली मॉडेलं मी पाहिली आहेत, टेल रोटर डावीकडे आणि डोक्यावर जुनीच लांब इंजिनं. असं हेलिकॉप्टर कुठेही उडालेलं नाही.

आता काम. १/७२ मध्ये एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या यंत्रावरचे ७.२ सेंटिमीटर, हे आधी मनात ठसव. मुख्य रोटरचा व्यास २१.२९ मीटर, म्हणजे मॉडेलवर साधारण २९६ मिलिमीटर. टेल रोटरचा ३.९१ मीटर, म्हणजे ५४ मिलिमीटरच्या जरा वर. किटमधली पाती या आकड्यांशी पडताळून पाहा.

शेपटीच्या कामात घाई करू नकोस. जुनं भोक बुजवण्याआधी त्यातून सरळ टाचणी आरपार घालून दुसऱ्या बाजूला अक्षाचा मध्य खूण करून घे. एकदा पुटी भरली की ती जागा नेमकी शोधणं अवघड होतं. भोकात स्प्रूचा, म्हणजे फ्रेमच्या दांडीचा, तुकडा घट्ट बसवून प्लास्टिकच्या चिकटगोंदाने पक्का कर. नुसती पुटी भरलीस तर वाळल्यावर खड्डा पडतो. पूर्ण कडक झाल्यावर पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घास, मग हाताच्या ड्रिलने डावीकडे नवं भोक पाड. पंखा या बाजूला आणताना पात्यांची जाड कड आणि बारीक कड फोटोवरून तपास. जाड कड नेहमी फिरण्याच्या दिशेला असते. नुसता उचलून इकडे चिकटवलेला पंखा जाणकाराला लगेच कळतो.

खरी मेहनत छपरावर आहे. एमआय-८ ची इंजिनांची कवचं पुढे लांबवर आलेली असतात. एमआय-१७ ची आखूड आहेत आणि त्यांची तोंडं डावीकडच्या सरकत्या दाराच्या साधारण मध्यावर थांबतात. दाराच्या मध्यातून वर पेन्सिलीने रेघ काढ, तीच तुझी हद्द. पुढचा भाग बारीक करवतीने, थोडा जास्तच ठेवून काप आणि घासत रेघेपर्यंत ये. तोंडांसाठी प्लास्टिकची नळी वापर. त्यांच्या पुढे धूळ अडवणारे घुमटाच्या आकाराचे भाग येतात. ते रेझिनमध्ये तयार मिळाले तर विकत घे, कारण दोन घुमट हुबेहूब सारखे घडवणं कठीण आहे आणि समोरून पाहणाऱ्याची नजर पहिली तिथेच जाते. कवचांच्या मागे एमआय-१७ वर इंजिन सुरू करणारं छोटं जादा इंजिन आहे. एमआय-८ टी बॅटरीवर सुरू व्हायचं, म्हणून तुझ्या किटमध्ये त्याचा मागमूस नसेल. एक्झॉस्टचा आकारही फोटोवरून दुरुस्त कर. छपरावर रेझिन चढलं की तोल मागे जातो, तेव्हा नाकात शिशाचे छर्रे घालायला विसरू नकोस. आणि काचांच्या आसपास फेविक्विक अजिबात नको, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते.

यापुढचं मी सगळ्यात कळकळीने लिहितोय.

एमआय-१७ ची किटं बहुतेक अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत युद्धाकडे पाहून केलेली असतात. त्यांत एक्झॉस्टवरचे उष्णता झाकणारे खोके येतात, क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर सोडणारे खोके येतात, पाठीवर बसवायचा इन्फ्रारेड जॅमर येतो, रॉकेटच्या नळ्या येतात. फ्रेमवर भाग आहे म्हणून तो लावायचा, हा मोह सगळ्यांना होतो. लावू नकोस. प्रत्येक भागासाठी तुझ्याकडे त्या दिवसाचा पुरावा हवा. मॉडेल भरगच्च दिसावं म्हणून तिथे नसलेली वस्तू चिकटवणं मला अजिबात मान्य नाही.

ते का, ते सांगतो. २८ मे १९९९ ला कारगिल युद्धात चार एमआय-१७ ५७ मिलिमीटरची रॉकेटं घेऊन तोलोलिंगवर चालून गेली. त्यांतलं तिसरं स्टिंगर क्षेपणास्त्राने पाडलं. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पीव्हीएनआर प्रसाद आणि सार्जंट आर. के. साहू त्यात गेले. त्या मोहिमेवरच्या लिखाणात नोंद आहे की त्या हेलिकॉप्टरवर फ्लेअर सोडणारी यंत्रणा नव्हती. उद्या कुणी ते यंत्र १/७२ मध्ये केलं आणि किटमध्ये आहेत म्हणून दोन्ही बाजूंना फ्लेअरचे खोके लावले, तर त्या चौघांना जे मिळालं नव्हतं ते मिळाल्याचं खोटं त्याने सांगितलं. तो खोका मॉडेलवर जेमतेम नखाएवढा असेल. तो तिथे नसणं हीच त्या मॉडेलमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

नरिमन हाऊसच्या कारवाईत एनएसजीचे हवालदार गजेंदर सिंह बिष्ट शहीद झाले. तुझं मॉडेल त्या सकाळचं आहे, तेव्हा हीच काटेकोर नजर इथेही हवी. दोर कुठल्या दारातून सोडले होते, दार किती उघडं होतं, बाजूला रॉकेटच्या कमानी होत्या का, हे चित्रण थांबवून थांबवून पाहा. जे दिसतं तेवढंच कर. जे दिसत नाही तिथे त्याच काळातल्या आपल्याच हवाई दलाच्या यंत्राचे फोटो प्रमाण मान. रशियाचे किंवा दुसऱ्या कुठल्या देशाचे नकोत.

रोटरची पाती दोन प्रकारे वाकतात. जमिनीवर उभ्या यंत्राची पाचही पाती स्वतःच्या वजनाने खाली झुकतात, आणि हवेत तरंगताना तीच टोकाकडे वर उचललेली असतात, कारण सगळं वजन तेव्हा त्यांनीच पेललेलं असतं. किटमधली पाती सरळ असतात, म्हणजे दोन्हींपैकी कशीच नाहीत. तू गच्चीवर तरंगतं दाखवणार असशील तर पाती गरम पाण्यात धरून हलकेच वर वाकव, सगळी सारखी. माझं मत विचारशील तर पहिल्या खेपेला जमिनीवर उभं कर. गच्ची, दोर, माणसं आणि अदृश्य आधार हे सगळं एकदम अंगावर घेतलंस तर ज्या रूपांतरासाठी ही खटपट, त्याकडेच दुर्लक्ष होईल.

रंगाचं फार लिहीत नाही. टीव्हीच्या चित्रणातला रंग खरा धरू नकोस, सकाळच्या उन्हात आणि कॅमेऱ्यात तो बदलतो. वर्तुळात बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. हेलिकॉप्टरचा क्रमांक झेड अक्षराने सुरू होतो. तो स्पष्ट वाचता आला नाही तर अंदाजाने आकडे घालू नकोस, आधी मला कळव. माझ्याकडे जुन्या मासिकांची कात्रणं आहेत, त्यांत शोधू.

आता एक कर. फोटोंची एक वही घाल, डावी बाजू, उजवी बाजू, नाक, छप्पर, शेपूट अशी पानं पाडून. प्रत्येक फोटोखाली तारीख आणि कुठलं यंत्र ते लिही, आणि तारीख कळत नसलेले फोटो शेवटच्या पानावर वेगळे ठेव. ती वही घेऊन पुढच्या रविवारी इकडे ये. बारीक करवत आणि हाताचा ड्रिल माझ्याकडे आहे, तेव्हा विकत घेऊ नकोस. टेल रोटरचं भोक आपण दोघं मिळून बुजवू. छपराला मात्र वही पाहून झाल्यावरच हात लावायचा. ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा