कुर्डू अंगणात लावावा का?

प्रश्न : सोयाबीनमधला कुर्डू उपटतो, पण त्याचे गुलाबी-पांढरे तुरे आवडतात. दारात लावता येईल? – एक वाचक, लोहा

उत्तर : जरूर लावा. बागेतला कोंबडा याच जातीतला. मृगाचा पाऊस झाला की काळं, चकचकीत बारीक बी वाळूत मिसळून पेरा, वरून मातीचा हलका थर पुरे. आपल्या काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून मुरूम आणि शेणखत मिसळा. ऊन भरपूर हवं. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा; फुटवे वाढतात, कोवळ्या पाल्याची भाजीही होते. मात्र तुरा खालून वाळत जातो आणि तिथलं बी आधी झडतं. खालचा भाग तपकिरी दिसताच तुरे कापा, नाहीतर पुढची कित्येक वर्षं शेतात खुरपत बसाल. कापलेले तुरे उकिरड्यावर टाकू नका. ते बी शेणखतातून थेट रानात जातं.