जागच्या जागी नगरभ्रमण

वार्धक्य आले म्हणजे दृष्टी मंदावते, गुडघे कुरकुरू लागतात, हे तुम्ही आपल्या आजी-आजोबांकडे पाहून जाणताच. परंतु आणखी एक शक्ती त्यांच्या ठायी हळूहळू उणावत असते, व ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती म्हणजे नवी वाट स्मरणात ठेवण्याची शक्ती. गावच्या वाटा पायांना पाठ असतात. पण मुलाची बदली झाली, बिऱ्हाड परक्या शहरात हलले, की तेथील गल्लीबोळ आजोबांच्या मनावर लवकर ठसत नाहीत. मग चुकण्याच्या भीतीने ते बाहेर पडणेच सोडतात.

वाटा व प्रसंग यांची स्मृती घडविणारा एक लहानसा भाग आपल्या मेंदूत दोन्ही बाजूंस असतो. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून शास्त्रज्ञ त्यास ‘हिप्पोकॅम्पस’ म्हणतात. उतारवयात तो थोडाथोडा आक्रसत जातो. मात्र परिश्रमाने तो वाढूही शकतो, याचा पुरावा लंडनच्या टॅक्सीचालकांनी पुरविला. परवान्यासाठी त्यांना चेअरिंग क्रॉसभोवतालच्या सहा मैलांच्या टापूतील सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात! एलिनॉर मॅग्वायर या विदुषीने एका सहकारी संशोधिकेसह अशा उमेदवारांचे मेंदू शिक्षणापूर्वी व शिक्षणानंतर तपासले. २०११ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, जे परीक्षेत उत्तीर्ण झाले, त्यांच्याच मेंदूतील या भागाचा मागील अंश वाढला होता. हे उमेदवार अर्थातच वृद्ध नव्हते.

मग थकल्या पायांच्या माणसाने शिकण्यासाठी नवे शहर कोठून आणावे? येथे ‘आभासी वास्तव’ साहाय्यास येते. डोळ्यांवर बांधावयाच्या या यंत्रात दोन्ही डोळ्यांपुढे किंचित भिन्न अशी दोन चित्रे असतात. त्यामुळे दृश्यास खोली येते, आणि मान वळविली की दृश्यही वळते. १९६८ च्या सुमारास आयव्हन सदरलँड यांनी बनविलेले असे यंत्र इतके अवजड होते की, ते छतास टांगावे लागे!

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात संशोधकांनी वृद्धांसाठी ‘लॅबिरिंथ’, म्हणजे भूलभुलैया, नावाचा खेळ रचला. खेळणाऱ्याने यंत्र लावून जागच्या जागी पावले टाकावयाची, अनोळखी वस्तीत सांगितलेली ठिकाणे शोधावयाची, कामे उरकावयाची व परतीची वाट आठवावयाची. काही आठवड्यांनंतर या मंडळींची स्मरणशक्ती अगदी निराळ्या कसोटीवर पारखली, तेव्हा बारीकसारीक तपशील आठवण्यात ती साधे खेळ खेळलेल्या वृद्धांहून सरस ठरली. हा वृत्तांत २०२१ साली प्रसिद्ध झाला. ही सारी माणसे निरोगी होती, हे मात्र विसरू नये. स्मृतिभ्रंशाच्या रोगावर हा खेळ म्हणजे औषध नव्हे. कित्येकांना असे यंत्र लावल्यावर घेरीही येते. अशा वेळी ते तत्काळ उतरवावे व जवळ कोणीतरी उभे असावे.

या खेळातील खरी युक्ती मला वाटते ती अशी: खेळणारा सरावला की तेथील कामे अधिक अवघड होत जातात. पुन्हा नवी वळणे, पुन्हा नव्या खुणा, आणि परतीची वाट पुन्हा स्वतःच हुडकावयाची.