बोया खिशात आहे, पण हाताला सापडेल का?

मित्रांनो, मेहकरच्या पोराने स्कूबा डायव्हिंगवर लेख लिहिला म्हणून हसू नका! आमच्याकडे पाणी म्हणजे पैनगंगा, पेनटाकळीचे धरण आणि शेतातली विहीर. समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे चारशे किलोमीटर लांब. पण दिवाळीच्या सुट्टीत मालवणला स्कूबाचा कोर्स केला आणि तिथे एका नळीसारख्या फुग्याने माझी चांगलीच व्हायव्हा घेतली. त्याचीच ही गोष्ट.

हा फुगा कशासाठी?

या फुग्याचे नाव सरफेस मार्कर बॉय, थोडक्यात एसएमबी. कोकणात जाळ्याच्या तरंगत्या खुणेला बोया म्हणतात, आपणही तेच म्हणू. भगव्या किंवा पिवळ्या रंगाची ही लांब पिशवी गुंडाळून सोबत न्यायची. वर येण्याआधी खालूनच तिच्यात हवा भरायची आणि दोरीला बांधून वर सोडायची. मग बोटवाल्याला कळते, की आपली माणसे इथे वर येणार आहेत.

पर्यटक म्हणून तारकर्लीला डुबकी मारताना प्रशिक्षक आपल्याला धरूनच असतो, तेव्हा याची गरज आपल्याला जाणवत नाही. पण आंग्रिया बँकेचे उदाहरण घ्या. कान्होजी आंग्रे यांचे नाव असलेले हे बुडालेले प्रवाळ पठार कोकण किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून जास्त आत आहे. त्याचा सर्वात उथळ भागही सुमारे २० मीटर खोल. आजूबाजूला ना खडक, ना बेट. तिथे १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर वेगाचा प्रवाह असला, तर अर्ध्या तासात माणूस ९०० मीटर वाहून जातो. पाण्याबाहेर दिसते फक्त डोके, आणि तेही अर्ध्या मीटरच्या लाटेआड लपते. मीटरभर उंच उभा राहिलेला भगवा बोया मात्र दिसतो.

थोडे गणित

समजा बोया १.२ मीटर लांब आहे आणि फुगल्यावर त्याचा व्यास १० सेंटिमीटर होतो. आकारमान येते सुमारे ९.४ लिटर. आर्किमिडीजच्या नियमाने, पूर्ण भरलेला बोया पाण्याखाली धरला तर साडेनऊ किलोच्या आसपास जोराने वर ओढणार. आता बॉइलचा नियम लावा. १० मीटर खोलीवर दाब २ वातावरण असतो. तिथे बोया अर्धा भरला तरी पृष्ठभागावर तो पूर्ण फुगतो. २० मीटरवर एक तृतीयांश भरला तरी पुरे.

म्हणजे हवा भरणे सोपे आहे. अवघड काय? तर बोया वेळेवर हातात येणे!

माझी फजिती

सरावात प्रशिक्षकांनी खूण केली, "बोया काढ." माझा बोया जॅकेटच्या खिशात होता. त्याच खिशात पाटी आणि टॉर्च. जॅकेटमध्ये हवा असल्याने खिसा दाबला गेलेला, चेन हलेना. एका हाताने ओढाताण करताना श्वासाचा ताल गेला आणि मी नकळत दोन मीटर वर तरंगलो. शेवटी बोया निघाला तो दोरीच्या गुंत्यासह. प्रशिक्षकांनी शांतपणे स्वतःचा बोया काढून सोडला. वर आल्यावर एवढेच म्हणाले, "खिशात आसा म्हणजे हाताक गावतला असा नाय रे!"

दोन मीटर ही गंमत वाटेल. पण श्वास रोखून वर तरंगलो असतो, तर फुप्फुसातली हवा प्रसरण पावून जिवावर बेतले असते. बोया कुठे ठेवायचा हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाही.

ठेवायच्या चार जागा

१) जॅकेटचा खिसा : सगळ्यांकडे असतो, वेगळा खर्च नाही. पण वर सांगितलेली अडचण येते. इथे ठेवायचाच असेल तर त्या खिशात दुसरे काही नको.

२) मांडीवरचा खिसा : वेटसूटवर घालायच्या चड्डीला मोठे खिसे असतात. हात सरळ तिथे पोहोचतो आणि जॅकेट फुगले तरी खिसा दाबला जात नाही. आत लवचीक दोरीचा फास ठेवून त्यात बोया अडकवला, तर दुसरी वस्तू काढताना तो निसटत नाही. मला हीच जागा पटली.

३) पाठीच्या पट्टीखाली : पाठीला धातूची पट्टी असलेल्या साधनात सिलिंडर आणि पाठ यांच्या खालच्या बाजूला रबरी फासात बोया सरकवतात. पाण्याला अडथळा होत नाही, पण तिथले काही दिसत नाही. बोया निसटला तरी कळत नाही. भरपूर सराव असलेल्यांसाठी ठीक.

४) कडीला लटकवणे : काढायला सर्वात सोपे, पण लोंबणारी वस्तू प्रवाळावर घासते आणि टाकून दिलेल्या जाळ्यात अडकते. लटकवायचाच तर कमरेजवळच्या कडीला, रबराने घट्ट आवळून.

गुंडाळण्याची पद्धत

आमच्या विहिरीवर आजोबा पोहऱ्याचा दोर रोज नीट वेटोळे करून ठेवत. गुंता पोहरा टाकायच्या आधी सोडवायचा, टाकल्यावर नाही! इथेही तेच. बोया बंद टोकाकडून गुंडाळायला सुरुवात करा, म्हणजे उरलेली हवा तोंडाकडून बाहेर जाते आणि तोंड सर्वात वर राहते. वर रबरी फास. दोरी चकरीवर घट्ट गुंडाळा आणि तिचा शेवट दुतोंडी हुकाने चकरीच्या भोकात अडकवून बंद करा. दोरी बोयाला आधीच जोडली तर पाण्यात एक काम कमी होते. वेगळी ठेवली तर गुंता कमी, पण जोडण्याचा सराव हवा. नवख्याने आधीच जोडावी.

आणि एक नियम पाठच करा : बोया सोडताना चकरी स्वतःच्या अंगाला कधीही अडकवू नका. दोरी अडकली तर तो साडेनऊ किलोचा जोर तुम्हाला वर घेऊन जाईल. चकरी हातात ठेवा, अडकली की सोडून द्या. बोया गेला तर दुसरा मिळतो.

जाता जाता

कोर्स संपल्यावर मी होस्टेलच्या खाटेवर बसून, डोळे मिटून, एका हाताने बोया काढण्याचा सराव केला. रूम पार्टनर म्हणाला, "याला उन्हाळा लागला!" लागू दे. विसाव्या वेळी हात न चाचपडता थेट फासावर गेला.

आपण मशीन डिझाइन करताना इमर्जन्सी स्टॉपचे बटण लाल करतो, मोठे करतो, पण कामगाराचा हात तिथे पोहोचतो का हे पाहतो का? सुरक्षेची वस्तू यादीत असणे वेगळे आणि घाबरलेल्या माणसाच्या हाताला सापडणे वेगळे. असो. सबमिशनच्या गडबडीत एवढे लक्षात राहिले तरी पुरे!