हिशेब मागणं म्हणजे अविश्वास का?

प्रश्न : आमच्या मंडळीत दानाच्या पैशांचा हिशेब मागितला की काही वडीलधारे म्हणतात, ‘पाळक देवाने नेमलेले आहेत, त्यांना जाब विचारू नये.’ बायबलमध्ये खरंच असं आहे का?

उत्तर : नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय काढून पाहा. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांतून वर्गणी जमत होती. त्या कामासाठी पौल एकट्या तीताला पाठवत नाही, आणखी दोन बंधू सोबत देतो. त्यांतला एक तर मंडळ्यांनीच निवडलेला. कारणही पौल उघडपणे सांगतो : एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये आणि व्यवहार देवापुढे तसाच माणसांपुढेही चोख असावा. कुणी हिशेब मागण्याआधीच त्याने ही व्यवस्था केली. पौलाला जे कमीपणाचं वाटलं नाही, ते आपल्या पाळकांना का वाटावं?

प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहा हाही असाच. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं, अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी कुणाचं तोंड बंद केलं नाही. सगळ्यांना बोलावलं आणि सात माणसं तुम्हीच निवडा म्हणाले. स्तेफन, फिलिप्प यांच्यासह सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप आलं. निवड लोकांनी केली, प्रार्थना करून हात प्रेषितांनी ठेवले. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो.

पाळकाचा मान मात्र शास्त्राने जपला आहे. तीमथ्याला पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात वचनासाठी श्रम घेणाऱ्या वडिलांना दुप्पट मान द्या, असं आहे आणि दोन-तीन साक्षीदारांवाचून त्यांच्यावरचा आरोप ऐकूही नका, असंही. पण पाप करत राहणाऱ्याला सर्वांसमक्ष दोष द्या, हे लगेच पुढच्याच वचनात येतं. तेव्हा कुजबुज नको आणि झाकपाकही नको.

आपल्याकडे अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनने मंडळीच्या सभेला महत्त्व दिलं, तर स्कॉटिश मिशनने वडिलांच्या सभेला. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा या दोन्ही परंपरा बिशपांच्या परंपरेसोबत एकत्र आल्या. म्हणून तिथे बिशप आहेत आणि पास्टरेट कमिटीही आहे.

तुम्ही कमिटीकडे लेखी विनंती करा : उपासना संपताच दान दोघा-तिघांनी मिळून मोजावं, रक्कम तिथल्या तिथे वहीत लिहून सह्या कराव्यात आणि वर्षाचा तपासलेला हिशेब मंडळीच्या सभेत वाचून दाखवावा. विनंतीची एक प्रत पाळकसाहेबांना स्वतः नेऊन द्या, म्हणजे ती त्यांच्या पाठीमागे केली असं कुणी म्हणणार नाही.